परक्या रानातली आगारी

इंग्लंडात आमच्या लेकीच्या घरामागे जे काही आहे, त्याला तिथले लोक जंगल म्हणतात. मी पाटबंधारे खात्यातली निम्मी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याशी काढली, त्यामुळे पहिल्या दिवशी मला हसूच आलं. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारावी, एवढंसं ते रान. आमच्याकडे एखादा शेतकरी बांधावर एवढी झाडं ठेवतो आणि वर कुरकुरतो की सावलीनं पीक येत नाही. पण हे बोलून दाखवायचाही कंटाळा आला होता.

फार थकलो होतो मी. पहिला आठवडा प्रवासाचा शीण म्हणून गेला, दुसरा थंडीचा म्हणून. खरं तर तो बायको गेल्यापासूनचा शीण होता आणि जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घराला कुलूप लावून मी तो सोबत घेऊन आलो होतो. कुलूप लावताना शेजारच्या अक्कांनी विचारलं होतं, कधी येणार परत? बघू, म्हटलं. इकडे लेकीचं म्हणणं की आता इथंच राहा, ते घर विकून टाका, एकट्यानं कशाला हात भाजून घेता. जावई भला माणूस. त्यानं माझ्यासाठी खालची खोली रिकामी करून ठेवली होती. मी जवळजवळ हो म्हणायच्या बेतात होतो. नाही म्हणायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नव्हती.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. तिची आई गेली तेव्हा ही लेक वेळेवर पोहोचू शकली नाही. दहाव्याला आली. सगळे गळ्यात पडून रडले, ही रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईचे डबे पुसत बसली. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. मला ते खंबीरपण काही बरं वाटलं नाही. परत गेल्यावर ती रोज फोन करायची, पण माझ्या गोळ्यांबद्दल विचारायची. घराबद्दल कधी एक शब्द नाही.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आम्हा खानदेशी माणसांना आखाजीपुढे दिवाळी फिकी. सासरच्या मुली माहेरी येतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात, मग निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचे घास सोडतात. त्याला आगारी म्हणतात. बायकोची ही पहिलीच आखाजी. आगारी मिळाली नाही तर माणूस तिकडे उपाशी राहतं, असं आमच्याकडे म्हणतात. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण जिनं मला जन्मभर वेळेवर जेवू घातलं, तिच्या बाबतीत मला परीक्षा बघायची नव्हती.

मातीची घागर मिळाली नाही, म्हणून स्टीलचं पातेलं. खरबूज मिळालं ते अर्धं कापलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लेकीनं पुरण छान शिजवलं, पण पोळ्या फाटल्या. एक गोवरी मी जळगावहूनच पापडाच्या डब्यात घालून आणली होती. विमानतळावर कोणी डबा उघडला असता तर काय सांगितलं असतं देव जाणे. ती गोवरी गॅसवर पेटवून मी जुन्या तव्यात ठेवली आणि तुपाचा पहिला थेंब सोडला मात्र, छताला लावलेलं धुराच्या इशाऱ्याचं यंत्र असं किंचाळायला लागलं की काही विचारू नका. जावई खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, शेजारचा माणूस दारात येऊन चौकशी करतोय, आणि मी तवा घेऊन नळाखाली धावतोय. आगारी पाण्यात गेली.

लेक म्हणाली, राहू द्या आता, आई समजून घेईल. मी म्हटलं, तुझ्या आईनं उशिरा वाढलेलं ताट जन्मात कधी समजून घेतलं नाही. गोवरीचा अर्धा तुकडा उरला होता. मागच्या रानात जाऊ, म्हणून मी हटूनच बसलो. तिथं जाळ करायला मनाई आहे असं ती सांगत होती, मी म्हटलं, मी काही यांचा देश पेटवायला निघालो नाही. गाढवापुढे वाचली गीता. शेवटी तिनं डबा भरला, पाण्याचा तांब्या घेतला, मी तवा उचलला आणि आम्ही दोघं निघालो.

मे महिना होता. जळगावात या दिवसांत डांबर चपलेला चिकटतं आणि इथं मी स्वेटर घालून. झाडांखाली सगळीकडे निळी फुलं उमलली होती, बघावं तिकडे निळंच. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, पाऊलवाटेनंच चालायचं, असं लेकीनं बजावलं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण माझे गुडघे बोलत होते. जरा पुढे एक आडवा पडलेला ओंडका दिसला, तिथं बसलो. पालापाचोळा पायानं बाजूला केला, तव्यात गोवरी पेटवली, तूप सोडलं. धूर निघाला आणि एकदम घरच्यासारखा वास आला. आईचं नाव घे आणि घास टाक, असं मी लेकीला सांगितलं. तिनं घास हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. तोंडातून नाव निघेना.

तेवढ्यात कुठून तरी एक तांबूस कुत्रा आला आणि नैवेद्याची पोळी एका घासात मटकावून मोकळा झाला. मागून रबरी बूट घातलेली, माझ्याच वयाची एक बाई आली. जाळ बघून तिचा चेहरा कडक झाला. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता, पाचोळा वाळलेला होता, आधी ते विझवा, असं तिनं स्पष्ट सांगितलं. चूक माझीच होती. मग कुत्र्याच्या मिशांना लागलेलं पुरण तिला दिसलं आणि ती माफी मागायला लागली. लेक तिला इंग्रजीत समजावू लागली की हे जेवण माझ्या आईसाठी होतं, आणि तिथंच अडखळली. कुत्र्याला पट्टा लावून ती बाई पाऊलवाटेवर जाऊन पाठमोरी उभी राहिली. जाळ विझतोय की नाही हे बघायला थांबली होती की आम्हाला मोकळं सोडायला, कोण जाणे.

लेकीनं हातातला घास निखाऱ्यावर ठेवला. "माय राहती तं लाटणं फेकी मारती," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. माझं हसू थांबलं तरी तिचं थांबेना, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. ओंडक्यावर वाकून, तोंडावर ओढणी धरून ती रडत होती. इतक्या महिन्यांचं रडणं ते. मला बरं वाटलं.

मी तांब्यातलं पाणी आगारीभोवती फिरवलं आणि उरलेलं निखाऱ्यावर ओतलं. राख थंड होईपर्यंत काडीनं ढवळत बसलो.

"नाना," ती म्हणाली, "माय नही तं आखाजीले मी कोनाघर येऊ?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. घर विका म्हणत होती ती माझ्या काळजीपोटी, हे खरंच. पण आईविना ते दार उघडायचं तिच्यानं होत नव्हतं, म्हणून ते दारच नको होतं. आणि मी, थकलेला म्हातारा, तिला ते बंद करून द्यायला निघालो होतो. माहेर आईचं असतं असं सगळे म्हणतात, मीही म्हणत आलो. बापाचं काय असतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"मनाघर ये," मी म्हटलं. "मी शे ना आजून."

माझ्या घरी ये, मी आहे अजून, असं बोलून गेलो आणि मग कळलं की आता परत जावं लागणार. कुलूप उघडायचं, जाळीजळमटं काढायची, माठ धुवायचा, आणि वर्षभर जिवंत राहायचं. एवढं सगळं करायचा विचार करूनच पुन्हा थकवा आला. लेक नाक पुसत माझ्याकडे बघत होती, माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही या हिशेबानं.

"आनि पुरणपोळ्या?" तिनं विचारलं. "तुमले येतस का?"

"नही," मी म्हटलं. "शिकसू."