धानोऱ्यापुढच्या उतारावर ब्रेक जाम

आमची बस मुळात प्रवासी बस होती. संस्थेनं ती जुनी विकत घेतली, मागची बाकं काढली, प्लायवूडची भिंत घातली आणि डोळे तपासायची एक छोटी खोली केली. पुढे बारा जण बसतील एवढी जागा ठेवली. या बसवर मी परिचारिका म्हणून सहा वर्षं काढली. चालक वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, गडचिरोलीचे. मी त्यांना चाचा म्हणायची आणि ते मला बाई.

खोलीत हात धुवायला नळ हवा म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. शेवटी बसच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, पाण्याची एक टाकी बसवून मिळाली. मला फार आनंद झाला होता. त्या टाकीची लोखंडी पट्टी कशाला घासते आहे, हे तेव्हा कोणी पाहिलं नाही.

ते मार्चचे दिवस होते. आदल्या दिवशी मोतीबिंदू काढलेले नऊ म्हातारे-म्हाताऱ्या गावी सोडायचे होते. सकाळी त्यांच्या पट्ट्या काढल्या होत्या, काळे चष्मे दिले होते. डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, खाली वाकू द्यायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, एवढं माझं काम. बस सुरू झाली तेव्हा चाचा इंजिन चालू ठेवून ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसले.

"हवा हळू बनून राह्यली, बाई. दहा मिनिटं देता का, खाली पाहतो."

"चाचा, उन्हात बसलेत सगळे सकाळपासून. वाटेत बघू ना."

काटा वर आला तशी त्यांनी गाडी काढली.

धानोरा मागे पडलं. पुढे रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे मोहाची झाडं, खाली फुलांचा सडा आणि तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. एका लांब उतारावर आम्ही निम्मे खाली आलो असू. काट्याजवळचा इशाऱ्याचा भोंगा वाजायला लागला. चाचांनी लगेच वेग कमी केला, पण पुढच्याच क्षणी मागची चाकं कोणी पकडून ठेवावीत तशी धरली गेली. रबर जळल्याचा वास आला आणि बस उतारावर तिरपी उभी राहिली. खाली, हाकेच्या अंतरावर वळण होतं आणि वळणापलीकडे नाला.

मागच्या बाकावरच्या दोघांची डोकी समोरच्या दांडीला लागता लागता राहिली. मी आधी सगळ्यांचे डोळे पाहिले. मग पुढे गेले.

"ब्रेक जाम," चाचा म्हणाले. "हवा गेली."

मला तेव्हा वाटायचं, हवा गेली की ब्रेक लागत नाहीत. चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. मागच्या चाकांजवळ एकेक जाड स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते, म्हणून चाक मोकळं फिरतं. हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाक आवळते. "हे बरं हाय. नाई तं आतापर्यंत नाल्यात असतो आपण."

त्यांनी आधी रस्त्याकडेचे मोठे दगड उचलून चाकांपुढे लावले. मोबाइलला रेंज नव्हती. तेवढ्यात खालून एक माणूस मोटारसायकल लोटत वर आला. गाडी बंद ठेवून हातानं ढकलत होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "हत्ती हायेत नाल्याच्या पलीकडं. मोहफुलं खाऊन राह्यले. मी वरच्या गावाले सांगाले चाललो. तुमी इथी थांबू नका." बस चालत नाही म्हटल्यावर तो "मंग हॉर्न नका मारू," एवढं सांगून निघून गेला.

पण इंजिन बंद ठेवून हवा बनत नाही. चाचांनी इंजिन चालू ठेवलं आणि बसखाली शिरले. मी रस्त्यावर उभी राहून नाल्याकडे कान लावले. इंजिनच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

"साबणाचं पाणी द्या, बाई. पातळ."

नळापाशी हात धुवायचा साबण होता. बाटलीत पाणी घालून दिला. ते पाइपावर थोडं थोडं ओतत गेले. एका जागी फेस फुगायला लागला. मी गुडघ्यावर बसून वाकून पाहिलं. पाण्याच्या टाकीची पट्टी हवेच्या पाइपाला घासून घासून तिथे नखाएवढी चीर पडली होती.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र माझा वर्षभराचा हट्ट आठवला आणि सकाळची दहा मिनिटंही.

मी चिकटपट्टी आणि रबरी हातमोजा दिला. त्यांनी चिरेवर तो गच्च गुंडाळला. काटा जरासा चढला आणि फट्कन आवाज होऊन हातमोजा उडाला. दुसऱ्यांदाही तेच झालं. चाचा बाहेर आले, त्यांनी तोंडावरची धूळ पुसली.

"हा पाइप फक्त स्प्रिंगचा हाय," ते म्हणाले. "याले चिरेच्या अलीकडं दुमडून तारेनं बांधतो. मंग पायाच्या ब्रेकले हवा भेटंल. पण स्प्रिंगा दबनार नाईत. त्या हातानं, बोल्ट फिरवून दाबा लागतीन."

"मग करा ना."

"चाकं मोकळी झाली की गाडीले धरून ठेवनारं काही नाई. दगडं आन् पायाचा ब्रेक. मी खाली असतो, ब्रेकवर पाय तुमचा पायजे." मग आत बसलेल्यांकडे मान वळवली. "यायले उतरवा. मागं, चढाच्या बाजूले न्या."

उतरवायचं तर त्या नऊ जणांना धुळीत, हत्ती जवळ असताना उघड्यावर उभं करायचं होतं. आत ठेवायचं तर बस सुटली की त्यांच्यासकट सुटणार. ठरवायचं मी होतं. चाचांनी ते माझ्यावर सोडलं होतं आणि ते बरोबरही होतं.

मी उतरवलं. एकेकाचा हात धरून, पायरी मोजून. आठ जण बसच्या मागे, चढावर, सावलीत बसवले. बोलू नका, चष्मे काढू नका, असं सांगितलं. नववी म्हातारी उठेना.

"मले नाई जमत. एकदा उतरली तं परत चढाचा जीव नाई माह्यात."

"आजी, गाडी सुटू शकते."

"तू बसनार हायेस ना? मंग मीबी बसतो."

तिच्या दोन्ही गुडघ्यांचं मला माहीत होतं. ओढून उतरवायचं म्हणजे डोळ्यावर ताण. मी तिला पुढे, माझ्या पाठीमागच्या बाकावर आणून बसवलं आणि दांडी घट्ट धरायला लावली.

चालकाच्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होते. ब्रेकपर्यंत पाय पोचावा म्हणून अगदी कडेला सरकावं लागलं. चाचांनी पाइप दुमडून बांधला. काटा हलला, धोक्याच्या लाल पट्टीच्या वर आला, आणखी वर गेला.

"दाबून ठेवा. सोडून सोडून दाबू नका, हवा जाते. काटा लाल पट्टीले आला तं आवाज द्या, मी बाहेर येतो."

मग फक्त पान्याचा आवाज. बोल्ट गंजलेला होता. पान्याला लोखंडी नळी लावून ते जोर काढत होते, मध्ये थांबत होते, धापा टाकत होते. माझी पोटरी थरथरायला लागली. काटा फार हळू, पण उतरत होता. तारेची गाठ कुठेतरी थोडी पाझरत असावी.

"एक झाली," खालून आवाज आला.

ते दुसऱ्या बाजूला सरकले. नाल्याकडून फांदी मोडल्याचा आवाज आला. मोठी फांदी. मग पुन्हा एकदा, जरा जवळ. मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी खोकलं. म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

दुसरं चाक मोकळं झालं तेव्हा बस हलली. फार नाही, वीतभर असेल. पण खाली दगड कचकन वाजला आणि चाचांचा पाना रस्त्यावर पडला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चाचांचा आवाज येईना. मी हाक मारली. पुन्हा मारली. खाली वाकून पाहावं तर पाय उचलावा लागला असता.

"हाव, हाव," ते म्हणाले. "हाय मी."

बाजूनं रांगत बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत रक्त होतं. दारातून चढून ते माझ्या शेजारी उभे राहिले, त्यांनी माझ्या पायांवरून स्वतःचा पाय ब्रेकवर टेकवला आणि म्हणाले, "आता सोडा." मला सोडता येईना. पाय आखडले होते. त्यांनीच हातानं गुडघा धरून बाजूला केला.

मी त्यांच्या हातावर पट्टी आवळली आणि आठ जणांना परत चढवलं. दगड मी काढले. चाचा पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं उतार उतरले. नाल्याजवळ रस्त्यावर ओली लीद होती आणि मोहाची एक फांदी आडवी पडलेली, साल सोललेली. ती आम्ही चाकाखाली घेतली. हत्ती आम्हाला दिसले नाहीत.

सगळ्यांना घरी पोचवलं. शेवटच्या गावात बस सपाट जागेवर, पुढे-मागे दगड लावून ठेवली आणि मी चाचांचा हात शिवला. त्यांना सहा टाके पडले. म्हाताऱ्यांपैकी एकाचा डोळा दुसऱ्या दिवशी लाल होता. तो निवळेपर्यंत चार दिवस मी रोज त्याच्या मुलाला फोन करत होते.

संस्थेला अहवाल द्यायचा होता. सकाळी चालकानं थांबायला सांगितलं आणि मी नकार दिला, हे मी त्यात लिहिलं. टाकीचंही लिहिलं. चाचांना ते कळल्यावर ते रागावलेच.

"काऊन लिहिलं? मी कुठी बोललो होतो?"

"नाहीतर तुमच्यावर आलं असतं."

"मी चालक हाय. मी काढली गाडी. तुमी म्हटलं म्हनून चाक फिरते का?"

आमचं त्यावर एकमत झालं नाही, अजूनही नाही. बस तीन आठवडे बंद राहिली आणि तेवढ्या गावांतली तपासणी पुढे गेली. टाकी आत, खोलीच्या कोपऱ्यात घेतली, त्यामुळे एक बाक कमी झालं. नवा पाइप बसवला त्या दिवशी चाचांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं, जमिनीवर पोतं अंथरलं आणि म्हणाले, "या, पहा." मी साडी खोचून बसखाली गेले. कुठला पाइप कुठे जातो ते त्यांनी बोटानं एकेक करून दाखवलं, आणि मला नीट कळेपर्यंत आम्ही दोघं तिथे पाठीवर पडून राहिलो.