तिकांड्याखालचा घोडा

त्या राती खाडीच्या बांधावर आमी चौघं व्हतो. मी, प्रभाबाई, माझा धाकटा भाव गणपत आनि त्याची बायको वनिता. हिकडं रोह्याजवळच्या अष्टमी गावात प्रभाबाईच्या घरात दोघं व्हती. खाटेवर तिचा नवरा, त्याला सगळे अण्णा बोलायचे, आनि त्याच्यापाशी बसलेली माझी सून कल्पना. येवढीच माणसं. ह्यातली प्रभाबाई आता नाय, म्हणून तिचं सांगते. मी सांगते, कल्पना लिहिते. मी दुसरीतनं शाळा सोडून मिठागरावर गेले. सही येते, बाकी नाय.

माझे मालक वारल्यावर मी रोह्याला आले, पूल ओलांडून अष्टमीला खोली घेतली. प्रभाबाईकडं भांडी घासायची आनि अण्णांना उचलायला हात लावायचा, ह्ये माझं काम. अण्णा कंपनीत व्हते. एक दिवस शिफ्टवरनं घरी आले, जेवायला बसले आनि ताटावरच कलंडले. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. पोरबाळ नाय. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नायतर पाठीला जखम व्हते. दिवसा दर दोन तासांनी, रातीचं पन दर दोन तासांनी. प्रभाबाईचं सगळं जगणं त्या दोन दोन तासांच्या तुकड्यात.

कामाला लागून चार दिवस झाले असतील. अंधार पडल्यावर मी गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेले. बघते तर बाई स्टुलावर बसून कॅमेऱ्याचं बटण दाबते, आनि कॅमेऱ्याच्या तोंडाला झाकण तसंच.

"बाई, झाकण काढायचं ऱ्हायलं," मी बोलले.

"राहिलं नाही, मावशी. काळोखाचा फोटो घेते."

मी कपडे घेऊन खाली आले. मनात आलं, नवऱ्याचं करून करून बाईचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिनंच समजावलं. कॅमेऱ्याची स्वतःची म्हणून घाण असते, ठिपके असतात. झाकण लावून फोटो घेतला की निसती घाणच दिसते. ती मंग आभाळाच्या फोटोतनं वजा करायची. तिचं बोलणं असं की, "आधी आपली घाण ओळखायची, मग आभाळाला नावं ठेवायची." मला ह्ये लय पटलं. माझ्या नणंदेला पन सांगितलं. तिला नाय पटलं.

प्रभाबाईच्या बापाचा रोह्यात फोटो स्टुडिओ व्हता. पोर असल्यापासनं ती काळ्या खोलीत फोटो धुवायची. "मावशी, काळोख म्हणजे माझं माहेर," ती बोलायची. बाप गेला, स्टुडिओ बंद झाला, लगीन झालं, आनि मंग ह्ये असं. बाहेर जायचं म्हटलं तर बाजार नायतर औषधाचं दुकान. म्हणून ती वर बघायला लागली. आभाळ तेवढं घर न सोडता बघायला मिळतं.

पन आभाळ तरी कुठं धड व्हतं? एका अंगाला कंपन्यांचे दिवे, दुसऱ्या अंगाला पुलावरचे, आनि घरासमोरच्या खांबावर नवीन पांढरा दिवा, दुपार पडल्यासारखा. दिव्याला वरनं टोपी बसवा असं सांगायला ती नगरपालिकेच्या हापिसात गेली. तिथला मानूस बोलला, "उजेड नको बोलणारी तुम्ही पहिल्याच." शेजारची सुमन टोमणे मारायची, "प्रभा, चोर शिरला गच्चीत तर काय करशील गो?"

"त्याला सांगेन, दोन मिनिटं हलू नकोस, फोटो चालू आहे."

शेवटी मी माझी जाडी गोधडी आणली. दोन बांबू बांधून ती दिव्याच्या आड टांगली. तेवढाच काळोख. गोधडीयेवढा.

तिला एकच फोटो पायजे व्हता. थंडीत तीन चांदण्या एका ओळीत दिसतात, त्याला आमी तिकांडं बोलतो. मिठागरावर घड्याळ नव्हतं, तिकांडं कलंडलं की उठायचं. त्यातल्या एका टोकाच्या चांदणीखाली धुळीचा काळा ढग हाय, बाई बोलली, आनि त्याच्या मागं तांबडा ढग. काळ्या ढगाचा आकार घोड्याच्या मुंडक्यासारखा. डोळ्यांना कवाच दिसत नाय. मी साठ वर्सं तिकांडं बघितलं, त्याच्याखाली घोडा बांधलेला हाय ह्ये मला कोणी सांगितलं नव्हतं.

चांदण्या सरकतात, तसा कॅमेरा पन सरकायला पायजे. तिनं जुन्या कपाटाच्या दोन फळ्या घेतल्या, एका बाजूला दाराची बिजागरी ठोकली, मधनं लांब बोल्ट. बिजागरी ध्रुवाकडं धरायची आनि बोल्ट हळूहळू पिळायचा, म्हणजे वरची फळी चांदण्यांबरोबर उघडते. पंधरा मोजले की पाव फेरा. मोजून पिळायचं काम माझं. मिठागरावर पाण्याचे डबे उपसताना मोजून मोजून आकडे अंगात बसलेत. घड्याळ लागायचं नाय.

"एका फोटोत काही नसतं, मावशी," ती बोलायची. "शंभर एकावर एक ठेवले की मग थोडंसं असतं." दोन तास झाले की खाली जाऊन अण्णांची कूस बदलायची आनि परत वर यायचं. दोन थंड्या गेल्या. घोडा काय दिसला नाय. नुसतं राखाडी.

एक दिवस जिन्यात बसून ती बोलली, "मला एक रात्र खरा काळोख मिळाला ना, तर माझं काम होईल. एकच रात्र." तिनं तोंडानं काही मागितलेलं मी तवा पयल्यांदा ऐकलं.

मी बोलले, "माझ्या माहेरी चला. पेणच्या खाडीला, वडखळच्या पलीकडं. आमच्या बांधावर रातचा हाताला हात दिसत नाय. पाण्यात चांदण्या पडतात, वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाय."

कल्पना अण्णांपाशी बसायला तयार झाली. भात कसा कालवायचा, पाणी चमच्यानं कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, ह्ये बाईनं तिला आठ दिवस शिकवलं. जाताना अण्णांच्या कानाशी वाकून बोलली, "सकाळी येते." अण्णा तिच्याकडं बघत ऱ्हायले. त्यांना कळायचं सगळं.

आमी एस्टीनं गेलो. फळ्या मी मांडीवर धरल्या. गणपत नाक्यावर टेम्पो घेऊन आला व्हता. वनितानं जेवायला घातलं आनि काळोख पडल्यावर आमी बांधावर गेलो.

आभाळ तांबडं व्हतं.

डोलवीच्या कारखान्याच्या अंगानं भट्टीचं दार उघडं टाकल्यासारखं तांबडं, नि हायवेच्या अंगानं पिवळं. खाडीच्या पाण्यात पन त्येच. मला माझ्या हातावरच्या शिरा दिसत व्हत्या.

गणपत बोलला, "बाय गो, तू रातची कवा आलीस हितं शेवटची? कारखाना येऊन किती वर्सं झाली!"

कवा आले? माहेरी जायची ती दिवसाची. सकाळी जायचं, सांजच्या एस्टीनं परत. रात ऱ्हायले ती आई गेली तवा, आनि त्या राती आभाळ कोण बघतो? मी माझ्या ल्हानपणचा काळोख तिला कबूल केला व्हता. तो तिथं नव्हता. त्या बाईनं एकच रात मागितली आनि ती मी तांबडी दिली.

ती चिडली नाय. फळ्या पिशवीतनं काढल्याच नाय. बांधावर बसली आनि बोलली, "मावशी, आपण कुठेही गेलो तरी दिवा आपल्या आधी पोचतो."

वनिता बोलली, "च्या तरी घ्या बाई, येवढ्या लांबनं आल्या."

तेवढ्यात कल्पनाचा फोन. अण्णा जेवत नायत. तोंड घट्ट मिटलंय, पाणी पन घेत नायत, नुसते दाराकडं बघतात. कल्पना रडत व्हती. (ती बोलते ह्ये लिहायचं नाय. लिही गो, त्यात काय लाज.) बाई उठली. "चला," बोलली. रातची एस्टी नाय, गणपतनं टेम्पोनं सोडलं.

तिला बघून अण्णांनी तोंड उघडलं. मध्यान रातीला तिनं भात कालवला. चमचा पुढं करत बोलली, "आले ना? कुठे जाणार होते मी?" मी मोरीत उभी व्हते. ऐकून मला वाटलं, दाराला कुलूप लावल्याचा आवाज असाच येतो.

अण्णा झोपल्यावर ती गच्चीत गेली. मी मागनं गेले. तिकांडं पुलाच्या अंगाला कलंडलं व्हतं. तिनं फळ्या मांडल्या, गोधडी सारखी केली आनि बोलली, "फिरव, मावशी." मी मोजायला लागले.

ती थंडी आनि पुढची थंडी. दोन तास, कूस, दोन तास. सुमनच्या पोरीच्या लग्नाला गेली नाय, लायटिंगमुळं तीन राती फुकट गेल्या म्हणून तेवढी चडफडली. फोटो चारशेच्या वर झाले. माघात एक दिवस तिनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. दाण्यादाण्याचं तांबडं, आनि त्याच्यात काळं मुंडकं. मान, नाक, कपाळ.

मी बोलले, "बाई, ह्ये पन तांबडंच. त्या रातीसारखं."

"ते कंपनीचं, हे आभाळाचं," ती बोलली. "दोन्ही एकाच फोटोत आली होती. कंपनीचं वजा केलं."

घोडा मला गोठ्याच्या भिंतीवरनं मुंडकं काढून उभा असल्यासारखा वाटला. बाकीचं अंग आत. मी तिला तसं बोलले. ती फोटोकडं बघत बोलली, "मुंडकं तरी बाहेर आहे." मोठा फोटो काढून आणला आनि अण्णांच्या खाटेसमोर लावला. अण्णा 'हां' बोलले. त्यांना तेवढाच शब्द यायचा.

त्या पावसाळ्यात तिला ताप भरला. चार दिवस अंगावर काढला, कारण दवाखान्यात गेली तर अण्णांना कोण बघणार? मी बघते बोलले, तर बोलली, "तू म्हातारी झालीस." आठव्या दिवशी वारली. दवाखान्यात तिनं एकच विचारलं, "जेवले का?" मी व्हय बोलले. खोटं बोलले.

अण्णांनी दोन दिवस माझ्या हातनं खाल्लं नाय. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. भूक कोणाला सुटली हाय. आता मी आनि कल्पना मिळून त्यांचं करतो, दर दोन तासांनी. मधल्या येळात मी गच्चीत जाते. फळ्या तिथंच हायत, बिजागरी गंजली.

ह्ये वाचनाऱ्यांना एक सांगनं हाय. तुमच्या आळीत कोणाच्या घरी असं अंथरुणाला खिळलेलं मानूस असंल, तर त्याच्याजवळचीला फळं नेऊन देऊ नका, कशी हाईस विचारू नका. भात कसा कालवायचा तेवढं शिकून घ्या. मंग एक रात तुमी बसा आनि तिला जाऊ द्या. आनि आजारी मानसानं तोंड मिटलं, तर तिला लगेच फोन करू नका. सकाळपरेंत थांबा.