काकूंचा गोळाभात

शकुंतलाकाकूंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नोकरीसाठी नागपूरहून रायपूरला आलो, तिथल्या बूढापारा वस्तीत खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या भोजनालयात तोऱ्यात म्हणालो, "गोळाभात आमच्या घरच्यासारखा नाही."

"घरी कोण करते?"

"आई."

"मंग तिचा हात मी कुठून आणू? गुपचूप जेव."

मी जेवलो, आणि आजवर जेवतोच आहे. गोळे विदर्भातल्या भरड डाळीचे, भात इथल्या दुबराज तांदळाचा. पुढे मला कावीळ झाली, तेव्हा काकू स्वतः मऊ भात घेऊन येत. "मेलास तं माझं भोजनालय बदनाम होईन," असा वर दम!

काळ बदलला. "मराठी होटल है और व्हेज कोल्हापुरी नहीं?" असे गिऱ्हाईक विचारू लागले. "भैया, कोल्हापूर तो मैंने भी नहीं देखा," म्हणत काकू गोळाभात वाढत. त्यांच्या मुलाने वडापाव ठेवायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आपल्या घरी कधी केला का रे?" विषय संपला.

माझ्या मुलीला पाहायला पुण्याची मंडळी येणार होती. मी काकूंना हात जोडले, "त्या दिवशी पुरणपोळीच करा. माझी लाज राखा." काकू "हव" म्हणाल्या आणि गोळाभात घेऊन आल्या!

मुलाच्या आई पानाकडे पाहून म्हणाल्या, "हे इकडचं का? आपल्या मराठी घरांत असं नसतं हो."

काकू शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मराठी घरात असते, बाई. पोट्टी याच्यावरच वाढली. ती पसंत असन तं घासभर खाऊन पाहा."

आता हे लग्न मोडते, असेच मला वाटले. तेवढ्यात माझी मुलगी उठली. घरात माझ्याशीसुद्धा हिंदीत बोलणारी ती, तेलाची वाटी घेऊन मुलाच्या आईपाशी गेली. "आई, याच्यावर हिंगाचं गरम तेल घ्यावं लागते. थांबा, मी वाढते."

मला रडू आवरले नाही. काकूंनी मात्र मलाच दटावले, "भात थंडा होऊन राहिला!"

लग्न झाले. परवा पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, "काकूंना विचारा हो, आमचे गोळे का फुटतात?"

काकू, आज तुमची पंचाहत्तरी; ही तर सुरुवात. गुडघे सांभाळा, वेळेवर औषध घ्या आणि शंभरी पार करा. आम्ही तुमच्याच हातचे जेवून मराठी राहिलो आहोत.