रेशमी टाका

आईच्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर काढला तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर तीन वर्षं ती बरी होती, पंचवटीतल्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होती. मग बेंबीच्या डाव्या अंगाला दुखायला लागलं. नाशकात सोनोग्राफीचं मशीन नुकतंच आलं होतं. पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यांत डॉक्टरांना एक गोळा दिसला, लिंबाएवढा, जुन्या ऑपरेशनच्याच जागी.

"परत आलाय असं दिसतंय," ते वडिलांना म्हणाले. "उघडूनच बघावं लागेल."

आई पडद्यामागे साडी सावरत होती, तिने ते ऐकलं. बाहेर येऊन विचारलं, "महिनाभर थांबलं तर चालेल?"

डॉक्टरांनी नाखुशीने तीन आठवडे दिले. ते तिला माझ्या लग्नासाठी हवे होते. देवळाली कॅम्पातलं एक स्थळ वर्षभरापूर्वी सांगून आलं होतं, मुलगा लष्कराच्या कचेरीत कारकून. मुलगी शिकतेय म्हणून आईनेच तेव्हा नकार कळवला होता. आता तिनेच निरोप धाडला.

"आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू," मी म्हणाले.

"आणि टेबलावरून उठलेच नाही तर? तुझ्या बाबांना हे जमणारे का?"

मी वाद घातला नाही. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं. लग्न विहारात साधेपणाने झालं. आलेल्या बायका खुर्चीत बसलेल्या आईकडे पाहून डोळे टिपत होत्या. नवरीकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

लग्नानंतर नवव्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं. सर्जन स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले. गोळा मधोमध कापलेला होता आणि आत काळे दोरे दिसत होते.

"हे मागच्या ऑपरेशनचे रेशमी टाके. ते आत राहतातच. एखाद्याच्या शरीराला सोसत नाहीत, मग भोवती अशी गाठ धरते. मला तरी हा कॅन्सर वाटत नाही. तपासायला पाठवतो."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. बाबा पेढे आणायला गेले. मला आनंद झाला होता, पण त्याच्या मागोमाग जे काही आलं त्याला काय म्हणायचं ते मला कळेना.

मी आत जाऊन आईला सांगितलं. ती उशीला टेकून उठून बसली.

"म्हणजे तुझं कॉलेज उगाच सुटलं."

"हो," मी म्हणाले.

माझा नवरा चहाचा थर्मास घेऊन दारात उभा होता. "सुटलं कुठे? बाहेरून फॉर्म भरता येतो," तो म्हणाला.

बी.ए. व्हायला मला त्यानंतर सहा वर्षं लागली. परीक्षेच्या दिवसांत आई कॅम्पात राहायला यायची, माझ्या मुलीला सांभाळायला. त्या घाईबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही विषय काढला नाही.