मातीची भिंत आणि राणी कलर

मार्गोचा फोन आला, "शनिवार-रविवार मोकळी आहेस?" आणि मी टुणकन उडीच मारली. मार्गो फ्रेंच चित्रकार. 'खरं खेडं' रंगवायचं म्हणून वर्षभर लोणावळ्यात भाड्याने राहत होती. मी पुण्यातली हौशी रंगारीण. तिची दुभाषी व्हायचं म्हणजे लॉटरीच!

सकाळच्या लोकलने वडगावला उतरा, स्टेशनबाहेर वडापाव खा आणि सुदुंबऱ्याच्या बाजूला रिक्षा करा. भाडं आधी ठरवा, मी विसरले.

शेताच्या कडेला एक घर, हौसामावशींचं. मातीची भिंत, त्यावर कोवळं ऊन. मार्गो अक्षरशः नाचली! दिवसभर ती रंगवत होती आणि मी शेजारी बसून तिची नक्कल करत होते. जेवायला पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात. संध्याकाळी चित्रातल्या भिंतीवरचा शेवटचा हात तेवढा राहिला. तिच्या गावच्या प्रदर्शनातलं मुख्य चित्र हेच होतं आणि सोमवारी तिचं विमान होतं.

माझ्या जिभेला हाड नाही. निघताना मी मावशींना सांगून टाकलं, "तुमचं घर आता परदेशात लागणार!"

रविवारी पोचलो आणि मी रिक्षातच किंचाळले. भिंत राणी कलरची! दार आकाशी! मावशी आणि त्यांचे मालक कोपरापर्यंत रंगलेले, तोंडावर दिवाळी.

"घर तिकडं न्हेनार, मग तसंच भकास कसं दावायचं?" मावशी म्हणाल्या.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मार्गोने भिंत जवळून निरखली. मग म्हणाली, "विचार, हा रंग कुणी निवडला?"

"मीच की! लगीन होऊन आले तवापासनं मनात व्हता. दरसाली म्हनायचं, पुढल्या वर्साला."

मी अडखळत मार्गोला सांगितलं. मार्गोने रंगाची सुरी घेतली आणि कॅनव्हासवरची मातीची भिंत सरळ खरवडून काढली. मग ती गुलाबी कालवायला बसली. मावशी तिच्या खांद्यावरून वाकून ओरडत होत्या, "फिकं झालं गं! आजून टाक, लय टाक!" मार्गोला शब्द कळत नव्हते, पण ती टाकत होती. आम्ही तिघी हसून हसून बेजार.

मार्गो गेली. तिने दिलेली लोणावळ्याची चिक्की दोन दिवसांत संपली. काल मी माझी जुनी चित्रं काढून बसले. मावळातली बारा घरं, बाराही मातीची, सुंदर. त्यांतल्या एकाही घरातल्या बाईला मी विचारलं नव्हतं, तुम्हाला कोणता रंग हवाय?