अक्का मोठी म्हणाल्या होत्या

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, देवापुढेही नाही — तिथे उभी राहिले की भलतेच काही मागून परत येते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अक्कांना पाहिलेले नाही. पाहिले असते तर माझी जीभ उचलली नसती.

माझे माहेर जळगावचे, वडील शाळेत हेडमास्तर. लग्न होऊन धुळ्याला आले, वकिलाची बायको म्हणून. घरात तिघेच — हे, मी, आणि यांची थोरली बहीण, अक्का. यांना आई आठवत नाही. अक्कांना पिंपळनेरला दिले होते; चार वर्षांत नवरा गेला, त्या परत आल्या आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून शिकवले. हे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही —

थांबा. आधी गाड्यांचे सांगते.

वकिली चालायला लागली तशी यांनी मोटार घ्यायचे ठरवले. दोन पाहण्यात आल्या. एक, बदलून जाणाऱ्या इंग्रज इंजिनिअरची — लाल, दोन दारांची, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी, आणि बसायला जागा दोघांपुरतीच. दुसरी जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींची — काळी, लांबलचक, चार दारांची, आत मऊ गाद्या, खिडक्यांना पडदे. एका रविवारी दोन्ही आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. यांचे मन लाल गाडीवर होते, हात सारखा तिच्यावरून फिरत होता. तरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्काला विचारून ये. मी विचारलं तर माझं तोंड बघून बोलेल. ती म्हणेल ती घेऊ."

मी गेले. अक्का मागच्या पडवीत तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी इतक्या पटकन उत्तर दिले, की सकाळपासून त्याच विचारात असाव्यात.

"भाऊले सांग, मोठी ले. मी मांगे बठसू. एकदाव पिंपळनेरले जाईसन जेठानीले भेटी येसू."

मोठी घ्यायची, त्या मागे बसणार, आणि एकदा पिंपळनेरला जाऊन जेठानीला भेटून येणार. जेठानी म्हणजे त्यांची थोरली जाऊ. नवरा गेल्यावर सासरच्या घरात अक्कांच्या बाजूने बोललेली ती एकटीच. वीस वर्षांत दोघींची भेट नव्हती. भाड्याच्या मोटारीत अक्कांना उलट्या होत, निम्म्या वाटेतून त्या परत आलेल्या. हे सांगताना त्या हसल्या. मला वाटते, मी त्यांना तशा हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

पडवीतून अंगणात यायला किती पावले लागतात? दहा, फार तर बारा. मी येऊन म्हणाले — "अक्का म्हणतात, लहानच घ्या. त्यांना कुठे जायचंय."

का? नाटकाला निघालो तरी हे म्हणायचे, अक्कालाही घेऊ. नदीकडे फिरायला, तरी अक्का. वकिलांच्या बायकांत त्या अहिराणी बोलत, बायका माझ्याकडे बघत, आणि मी — हेडमास्तरांची मुलगी — खाली बघे. तिसरे माणूस मावणारच नाही अशी एक जागा मला हवी होती. अक्कांनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. एकदाही नाही.

लाल गाडी राहिली. काळी परत जाताना अक्का दारात आल्या. मागे वळणाऱ्या त्या गाडीकडे त्यांनी पाहिले, मग भावाकडे. विचारले काहीच नाही. विचारतील म्हणून मी आठ दिवस धास्तावले होते! पण त्यांना वाटले, भावाला निरोप पोचला, आणि तरी भावाने ही घेतली. एवढ्यावर त्या काय विचारणार?

पुढे यांनी एकदा म्हटले, "अक्का, चल, तुला देवीच्या देवळापर्यंत नेतो." त्या म्हणाल्या, "तुम्हनासाठे ली शे ती. तुम्हीच बठा." हे हसले. मला म्हणाले, बघ, किती निरिच्छ आहे. मी कुंकू नीट करत आरशासमोर उभी होते.

दोन वर्षांनी पिंपळनेरहून पत्र आले. जाऊ गेली होती. पत्र मीच वाचून दाखवले. अक्का उठल्या, अंगावरून पाणी घेतले, आणि भाकऱ्या करायला बसल्या. तेव्हा तरी बोलायचे होते ना? शब्द अगदी ओठांवर आले होते. मी परातीत पीठ काढून दिले.

पुढच्या हिवाळ्यात अक्काही वारल्या. त्या गाडीत एकदाही न बसता. भावाने आपल्याला जागा ठेवली नाही, असेच मनात धरून गेल्या असतील. ज्याला वाढवले, त्यानेच. शेवटच्या दुखण्यात त्या यांचा हात धरून असायच्या — रागावलेल्या नव्हत्या. तेच मला सोसत नाही.

हे अजून आहेत. त्यांना काही ठाऊक नाही. परवा आमच्या मुलीने विचारले, आत्या कशी होती? तिला अक्का आठवत नाहीत. हे सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "गाडी घेताना तिला विचारायला तुझ्या आईला पाठवलं, तर म्हणाली, लहान घ्या. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही तिनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो ना गं?"

मी म्हटले, "हो."