माईकवाल्याची बॅटरी

आमची कुहीच्या बाजूला थोडी धानाची शेती होती, पण आसपासच्या गावांत बाबांना ओळखत ते माईकवाला म्हणून. एक भोंगा, आवाज मोठा करणारं एक मशीन, चावी भरून फिरवायचा रेकॉर्ड प्लेअर आणि मशीनला जीव देणारी मोटारीची बॅटरी, एवढा त्यांचा संसार. वीज आमच्या गावात तेव्हा फक्त पुढाऱ्यांच्या भाषणात आली होती. त्यामुळे लग्न वाजायचं ते बॅटरीवर.

मुलगी सासरी निघाली की बाबा बिदाईची एक ठरावीक रेकॉर्ड लावत. ती लागली की नवरदेवाकडचे निगरगट्ट मामेसुद्धा दुपट्ट्याने डोळे पुसत. ताई परकर नेसायची तेव्हापासून बाबांना बजावत आली होती, "बाबा, माह्या लग्नात हे रेकॉर्ड दोनदा लावजा."

"लावतो न माय. दोनदा लावतो," बाबा म्हणत.

ताईचं लग्न ठरलं आणि ऐन वेळी बॅटरीने मान टाकली. कुहीहून कितीही चार्ज करून आणा, दोन गाण्यांत भोंगा घोगरा व्हायचा. पण बॅटरी घेऊन वर्षही झालं नव्हतं, ती गॅरंटीत होती. गॅरंटी हा शब्द बाबा देवाचा कौल मिळाल्यासारखा उच्चारत. मी नागपूरला कॉलेजात होतो. गॅरंटीचं कार्ड इंग्रजीत, म्हणून मला सोबत घ्यायला ते बॅटरीसकट माझ्या खोलीवर आले. एसटीच्या कंडक्टरने बॅटरीतलं तेजाब सांडेल म्हणून वाटभर त्यांचं डोकं खाल्लं होतं, आणि तेजाब सांडलंही होतं, पण बाबांच्याच धोतरावर. सोग्याची चाळणी झाली होती.

लकडगंजातला दुकानदार म्हातारा आणि भला माणूस. त्याने बुचं काढली, काचेची नळी बुडवून पाहिली आणि म्हणाला, "एक सेल गेला. बदलून भेटंल. गॅरंटी आहे न." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बॅटरी त्यांनीच बनवली होती. मग दुकानदाराने कार्ड हातात घेतलं, बॅटरीचे वर आलेले शिशाचे खुंट फडक्याने पुसले, चष्मा नाकावर ओढला आणि बॅटरी उजेडाकडे वळवली.

"नंबर कुठं गेला गा याचा?"

कंपनी त्या खुंटावर नंबर ठोकत असे. कार्डावरचा आणि खुंटावरचा नंबर जुळला तरच बॅटरी बदलून मिळायची. आमच्या खुंटावर काहीच नव्हतं. तो नुसता चमकत होता.

बाबांच्या तेव्हाच लक्षात आलं. माझ्याही आलं. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुजायच्या, आणि त्यांच्या रांगेत भोंगा आणि मशीनही बसायचं. त्या साली नवी बॅटरी घरात आली होती. बाबांनी भोंगा चिंचेने उजळला, आणि खुंटांवर पांढरा क्षार चढला होता म्हणून ते काचकागदाने घासघासून चांदीसारखे केले. मग वर हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. देवापुढे मळकट वस्तू कशी ठेवायची?

"दसऱ्याले घासली होती," बाबा हळूच म्हणाले. "पूजेले."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, पूजेले नारळ फोडायचा असते. नंबर काहून पुसला?"

मी चिडलो. कार्ड ओढून घेतलं आणि खालचा बारीक मजकूर कॉलेजच्या इंग्रजीत मोठ्याने वाचला. त्यात पूजेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मी नाही म्हणून नाही राहिलो भाऊ," तो म्हणाला. "पण मले कंपनी कुठून देईल? ठेवून जा. कंपनीचे साहेब येऊन राहिले, त्यायले दाखवतो."

मग रोज कॉलेज सुटलं की मी लकडगंजात. साहेब आज येणार, साहेब उद्या येणार. लग्न तोंडावर आलं तेव्हा साहेब आले. माझ्याच वयाचा, टाय लावलेला मुलगा. त्याने भिंग लावून खुंट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मलाच हात जोडले. भांडायला एखादा दुष्ट माणूस तरी मिळायला हवा होता, तोही मिळेना. लगनसराईत दुकानातल्या भाड्याच्या बॅटऱ्या सगळ्या बाहेर गेलेल्या. दुकानदाराने आमचीच रात्रभर चार्जिंगला लावून परत दिली. "एखादं गाणं चालंल," तो म्हणाला. "जास्त आशा नोको ठेवू."

ते एक गाणं बाबांनी राखून ठेवलं. हळदीला मशीन लावलं नाही. मंगलाष्टकं भटजींच्या उघड्या गळ्यावर झाली आणि मागच्या लोकांनी अक्षता भलत्याच वेळी टाकल्या. भोंगा निंबाच्या झाडावर मुका टांगलेला.

"माईकवाल्याच्या घरी मुकं लगीन!" म्हणून लोक हसले. व्याही म्हणाले, "तुमचा भोंगा नुसता पूजेचाच आहे का जी?" बाबाही हसले. त्यांचं ते हसणं मला बघवत नव्हतं.

ताई निघाली. बाबांनी चावी भरली, रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली आणि मशीनची खटकी दाबली. भोंग्यातून गाण्याचा पहिला शब्द बाहेर पडला, घोगरा झाला आणि गेला. बाबांनी तारा दाबल्या, खुंट नखाने खरवडला, पुन्हा खटकी दाबली. सगळा मांडव बघत होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मला काहीसुद्धा करता येत नव्हतं.

रेकॉर्ड मात्र फिरतच होती, ती चावीवर चालायची. ताईने ते पाहिलं. आईचा हात सोडून ती परत आली, मुंडावळ्या बाजूला केल्या, खाली वाकली आणि सुईजवळ कान नेला. मशीन बंद असलं तरी सुईतून अगदी बारीक आवाज येतो, डासाच्या गुणगुणण्याएवढा. बाकी कोणाला काही ऐकू येत नव्हतं. रेकॉर्ड संपेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

"आलं बाबा आयकू," ती म्हणाली.

बाहेर गाडीवान बैलांना आवरत होता, वऱ्हाडी घाई करत होते. बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा चावी भरली आणि सुई पहिल्या रेघेवर ठेवली.